"याचा आपल्या गावाशी काय संबंध?" : नागफणी, एक जर्मन ऑपेरा आणि रेडिओ

थोडी मोठी पोस्ट आहे. सवडीनं वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या कुरवंड्याच्या ग्रुपवर मी एक लिंक टाकली. जर्मनीतल्या एका रेडिओवर त्या रात्री कार्ल मारिया फॉन वेबरचा 'डेर फ्रायशुट्झ' हा ऑपेरा पूर्ण वाजणार होता. मोबाईलवर ऐकता येतो, पैसे लागत नाहीत. एवढंच लिहिलं होतं. आमच्या ग्रुपवर एरवी लाईट कधी येणार, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता कुठं अडलाय, कुणाची गाय सुटलीय, असले विषय असतात. पंधरा मिनिटांत उत्तर आलं, "याचा आपल्या गावाशी काय संबंध?" मग दुसरा, "आपल्या मातीतलं टाका दादा." तिसऱ्यानं नुसतेच तीन हसरे चेहरे. मग कुणीतरी चिडलं, त्यावर आणखी कुणी चिडलं, आणि सकाळी उठून बघतो तर ग्रुपला कुलूप. आता तिथं फक्त ॲडमिन लिहू शकतात.

ॲडमिनवर माझा राग नाही. बिचाऱ्याला रात्री साडेबारापर्यंत फोन येत होते म्हणे. पण प्रश्न डोक्यात राहिला. प्रश्न चांगला आहे, खरं तर. काय संबंध? तर तो इथं माझ्या भिंतीवर लिहितो. इथं कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे.

सुरुवात आपल्या डोंगरापासून करू. नागफणी. आपल्या आजोबा-पणजोबांनी नाव दिलं ते फणा काढलेल्या नागावरून. साहेब खंडाळ्यात येऊन बसला, त्याला त्याच सुळक्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं आणि नकाशावर 'ड्यूक्स नोज' चिकटलं. ट्रेकिंगवाल्यांच्या तोंडी आज तेच आहे. हा ड्यूक म्हणजे आर्थर वेलस्ली. १८०३ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावासाठी पुण्यात फौज घेऊन आला, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, सप्टेंबरात असईला शिंद्यांशी लढला. आपल्याकडे हात साफ करून तो युरोपात गेला आणि १८ जून १८१५ ला वॉटर्लूवर नेपोलियनला हरवलं. तिथं त्याच्याबरोबर प्रशियाची, म्हणजे जर्मनांची फौज होती. त्यामुळे बर्लिनमध्ये त्या तारखेला मोठा मान. आणि बरोबर सहा वर्षांनी, १८ जून १८२१ ला, वॉटर्लूच्या दिवशीच बर्लिनच्या नाट्यगृहात 'डेर फ्रायशुट्झ'चा पहिला प्रयोग झाला.

हा योगायोग आहे, मान्य. नाकाचा आणि ऑपेराचा संबंध एवढाच असता तर मी पोस्ट लिहिली नसती. पण ज्याच्या नावाची पाटी आपल्या डोंगरावर आहे त्याच्या विजयाच्या दिवशी जन्मलेलं गाणं आपल्याला परकं, आणि ती पाटी मात्र घरची, हे मला जरा गमतीचं वाटतं.

आता ऑपेराची गोष्ट. गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

बोहेमियाचं जंगल. तीस वर्षांचं युद्ध नुकतंच संपलेलं, म्हणजे काळ साधारण १६५० च्या आसपास धरा. मॅक्स नावाचा तरुण शिकारी. त्याचं अगाथावर प्रेम. पण तिच्याशी लग्न करायचं तर राजासमोर नेमबाजीची परीक्षा द्यायची, एकच गोळी. आणि नेमका मॅक्सचा नेम काही दिवसांपासून चुकतोय. कास्पर नावाचा दुसरा शिकारी, त्यानं आपला आत्मा झामिएल नावाच्या सैतानाला विकलेला, तो मॅक्सला म्हणतो, चल माझ्याबरोबर मध्यरात्री लांडग्यांच्या दरीत, मंतरलेल्या गोळ्या ओतू. सात गोळ्या. सहा तू म्हणशील तिथं लागतील. सातवी सैतान म्हणेल तिथं.

तो दरीचा प्रसंग रेडिओवर ऐकायचा, डोळे मिटून. मुळात तो बघायचा प्रसंगच नाही, असं माझं मत. रंगमंचावर धूर सोडतात, दिवे लाल करतात, घुबडाचे डोळे चमकवतात, आणि हसू येतं. रेडिओवर काही दिसत नाही आणि अंगावर काटा येतो. वाद्यं खालच्या सुरात घुमायला लागतात, नगारा लांबून वाजावा तसा हळूच ठोके देतो. झामिएल गात नाही, फक्त बोलतो. बाकीची माणसं गातात आणि सैतान तेवढा साधं बोलतो, ही वेबरची युक्ती. मग कास्पर एकेक गोळी ओततो आणि मोठ्यानं मोजतो. एक. आणि दरी त्याला उत्तर देते. एक. दोन. दरीतून परत, दोन. दर आकड्याला काहीतरी येतं: रात्रीचे पक्षी, काळं रानडुक्कर, वादळ, आगीची चाकं, हवेतून जाणारी भुतांची शिकार. सातच्या आकड्याला तो स्वतः येतो.

नागफणीच्या टोकावर उभं राहून खाली ओरडलेलं नाही असं एक पोर कुरवंड्यात सापडणार नाही. आपली दरीही उत्तर देते. मला ते मोजणं ऐकताना बर्लिन वगैरे काही आठवलं नाही. आपला कडा आठवला. आणि कड्याखालचं जंगल.

त्या जंगलात काय झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. शाहिस्तेखानानं पुण्याहून कारतलबखानाला कोकणात पाठवलं. बरोबर रायबागन. फौज लोहगड-विसापूरच्या बाजूनं आली आणि आपल्या कुरवंडे घाटानं खाली उतरली. २ फेब्रुवारी १६६१. उंबरखिंडीत वाट अरुंद, दोन्ही अंगाला झाडी, पुढची तोंडं महाराजांनी धरलेली आणि मागची पण. वर जाता येईना, खाली जाता येईना, पाणी नाही. शेवटी रायबागनच्या सल्ल्यानं खानानं अभय मागितलं आणि सगळं सामान टाकून निघून गेला. परमानंदांच्या 'शिवभारता'त हे सगळं वाचायला मिळतं. काळ बघा. जर्मन माणसानं ज्या काळातल्या जंगलाला घाबरून ऑपेरा लिहिला, साधारण त्याच काळात आपल्या जंगलात खरीखुरी फौज घाबरली होती. त्यांनी त्यांच्या दरीचं गाणं केलं आणि दोनशे वर्षं वाजवलं. आपल्या दरीच्या लढाईचं स्मारक खाली चावणीला आहे, पोवाडे आहेत, व्याख्यानं आहेत. पण नुसत्या आवाजातून ती खिंड उभी केलेलं रेडिओवरचं नाटक माझ्या तरी कानावर आलेलं नाही. घोड्यांच्या टापा, अंबा नदीचं पाणी, मग शांतता, मग कड्यावरून पहिला आवाज. कुणी करणार असेल तर मी चहापाणी बघतो.

हां, गोष्टीचा शेवट राहिला. मॅक्स सातवी गोळी एका पांढऱ्या कबुतरावर झाडतो. अगाथा समोर येते, कोसळते. लोकांना वाटतं मेली. पण तिच्या डोक्यावर एका साधूनं दिलेल्या गुलाबांचा मुकुट असतो, त्यानं ती वाचते आणि गोळी कास्परला लागते. राजा मॅक्सला हद्दपार करायला निघतो. तेव्हा तोच साधू पुढे येऊन राजाला विचारतो की एका गोळीवर दोन जिवांचं आयुष्य टांगायची ही कसली रीत? आणि राजा ती परीक्षाच बंद करतो. मॅक्सला एक वर्षाची मुदत मिळते.

"आपल्या मातीतलं टाका" असं जो म्हणाला त्याच्यासाठी पुढचं.

फ्रायशुट्झमध्ये गाणी आहेत आणि गाण्यांच्या मध्ये साधे गद्य संवाद. सगळंच गात नाहीत. म्हणजे काय? म्हणजे संगीत नाटक. आपण ज्याला संगीत नाटक म्हणतो तीच घडण. बर्लिनच्या दरबारात त्यावेळी इटालियन स्पॉन्तिनीचा दबदबा होता, राजाचा लाडका माणूस. त्याच्यासमोर वेबरनं लोकांच्या बोलीतलं, शिकाऱ्यांच्या कोरसातलं, गावच्या नाचातलं नाटक ठेवलं आणि लोक वेडे झाले. त्यातलं मुलींचं लग्नाचं गाणं बर्लिनमध्ये इतकं गायलं जाऊ लागलं की हाईने हा कवी १८२२ मध्ये वैतागून लिहितो, सकाळपासून रात्रीपर्यंत जो तो तेच गुणगुणतोय. आपल्याकडे साठ वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि पुढे नाट्यपदं घराघरांत गेली, तसंच.

आणि 'शाकुंतल' तरी फक्त आपलंच कुठं राहिलं होतं? १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टरनं ते जर्मनमध्ये नेलं. गटे त्याच्यावर लुब्ध झाला. १८२० मध्ये, म्हणजे फ्रायशुट्झच्या आदल्याच वर्षी, व्हिएन्नात शूबर्ट 'शकुंतला' नावाचा ऑपेरा लिहायला बसला होता. तो अपुरा राहिला. ज्या कालिदासावर किर्लोस्करांनी मराठी संगीत नाटक उभं केलं, त्याच कालिदासावर त्याआधी साठ वर्षं एक जर्मन भाषिक पोरगा ऑपेरा करायला धडपडत होता. माती कुणाची म्हणायची?

आता रेडिओकडे येतो, कारण खरं सांगायचं ते तिथं आहे.

नाट्यगृहात जायला पैसे लागतात, कपडे लागतात, शहर लागतं. रेडिओनं ते सगळं काढून टाकलं. ८ जानेवारी १९२३ ला बीबीसीनं लंडनच्या कव्हेंट गार्डनमधून मोझार्टचा जर्मन ऑपेरा 'मॅजिक फ्लूट' थेट सोडला. १८ ऑगस्ट १९३१ ला वाग्नरच्या बायरॉइटहून 'ट्रिस्टान' जगभरच्या केंद्रांवर गेला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं 'हेन्सेल आणि ग्रेटेल' अमेरिकाभर ऐकवला, हाही जर्मनच, जंगलात हरवलेल्या दोन पोरांचा. शेतात राहणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच घरात बसून ऑपेरा ऐकला असेल.

पण रेडिओचं बटण ऐकणाऱ्याच्या हातात असलं तरी माईक दुसऱ्याच्या हातात असतो. १९३३ मध्ये हिटलर आला. त्याच्या लोकांनी लगेच 'लोकांचा रेडिओ' काढला, किंमत ७६ मार्क, बाजारातल्या इतर संचांपेक्षा कितीतरी स्वस्त. मॉडेलच्या नंबरात सत्तेवर आल्याची तारीख, ३० जानेवारी, कोरलेली. घरोघरी तो गेला आणि त्यातून वाग्नर वाजू लागला, भाषणं वाजू लागली. मेंडेल्सोन बंद, कारण ज्यू. १९३५ मध्ये जर्मन रेडिओवर जॅझ बंद, कारण काळ्यांचं. १ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं त्याच दिवशी परदेशी रेडिओ ऐकणं हा गुन्हा ठरला. ऐकलेली बातमी दुसऱ्याला सांगितली तर फाशीपर्यंत शिक्षा.

त्या जर्मनीतून आणि शेजारच्या प्रागमधून जी माणसं बाहेर पडली त्यातला एक मुंबईला उतरला. वॉल्टर कॉफमन. जन्म १९०७, कार्ल्सबादचा, म्हणजे त्याच बोहेमियाचा जिथं फ्रायशुट्झची गोष्ट घडते. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकरकडे संगीत शिकला. श्रेकर स्वतः ऑपेराकार, त्यालाही नाझींच्या दबावानं नोकरी सोडावी लागली आणि १९३४ मध्ये तो गेला. कॉफमन प्रागला डॉक्टरेट करत होता. आपला मार्गदर्शक नाझी संघटनेत पुढारी आहे असं कळल्यावर त्यानं पदवीच घेतली नाही. पहिली बायको फ्रान्झ काफ्काची भाची. १९३४ मध्ये तो भारतात आला. भारतच का? तर व्हिसा सहज मिळत होता. एवढं साधं कारण.

आल्यावर त्यानं आपलं संगीत ऐकलं आणि त्याला काही म्हणजे काही कळलं नाही. पण त्याला हेही वाटलं की हे ज्यांनी केलंय त्यांनाही मन आहे, बुद्धी आहे, इतकी माणसं जर यावर प्रेम करतात तर चूक माझ्या कानाची असली पाहिजे. मला विचाराल तर या माणसाचं सगळ्यात मोठं काम हेच. तीन हसरे चेहरे टाकून तो पुढे गेला नाही. बारा वर्षं ऐकत राहिला. पुढे त्यानं उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, १९६८ मध्ये छापला गेला. मग दक्षिणेच्या रागांवर दुसरा.

मुंबईत त्यानं चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात वादन व्हायचं. व्हायोलिनवर मेहली मेहता असत. १९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता.

आणि आता कान द्या. आकाशवाणी सकाळी सुरू होताना जी धून वाजते, तंबोऱ्यावर व्हायोलिन, शिवरंजनीची छाया असलेली, ती धून. आपल्या घरात भाकरीच्या तव्याबरोबर, बंबातल्या धुराबरोबर जी वाजली, पुणे केंद्र लावलं की आधी जी यायची, ती. इतर काहींची नावंही त्या धुनेसाठी घेतली जातात, पण सर्वसाधारणपणे श्रेय कॉफमनलाच दिलं जातं. "आपल्या मातीतलं टाका." यापेक्षा आपल्या मातीतलं मी काय टाकू? आणि ती केली कुणी, तर हिटलरला नको असलेल्या एका जर्मन भाषिक निर्वासितानं.

त्याच कॉफमननं आकाशवाणीसाठी ऑपेरा लिहिला, 'अनसूया'. खास रेडिओसाठी, रंगमंच नाहीच. भारतातला पहिला रेडिओ ऑपेरा म्हणून त्याची नोंद होते. अत्रीऋषींची पत्नी घ्या किंवा शकुंतलेची सखी घ्या, नाव आपल्या घरातलं. मुंबई केंद्रावरून तो गेला १९३९ च्या ऑक्टोबरात. म्हणजे बर्लिनमध्ये परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा ठरला त्यानंतर जेमतेम महिनाभरात मुंबईहून हा आवाज हवेत सुटला. त्या काळी बरेचसे कार्यक्रम थेट जायचे. वाजलं की संपलं. कॉफमन १९४६ ला भारतातून गेला, पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचा पहिला संचालक झाला, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवलं, तिथंच १९८४ मध्ये वारला. त्याचे कागदही तिथंच आहेत. टोरांटोच्या एका संचानं २०२० मध्ये त्याच्या रचनांची तबकडी काढली तेव्हा जगानं पुन्हा त्याचं नाव घेतलं. मुंबईतला त्याचा श्रोता तोवर कुठं उरला असेल?

एक कडू गोष्ट इथंच सांगतो, कारण ती आपल्या जिल्ह्यातली आहे. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातले जर्मन आणि ऑस्ट्रियन धरले. शत्रूचे नागरिक. त्यात नाझी होते तसे नाझींपासून पळून आलेले ज्यूही होते. कागदावर दोघांची जात एकच, जर्मन. आधी अहमदनगर, मग देवळाली, मग डेहराडून. आणि आपला पुरंदर. महाराजांच्या पुरंदरावर ही कुटुंबं स्थानबद्ध होती. घर हिटलरनं घेतलं आणि इथं आल्यावर हिटलरचे म्हणून पकडले. माणसाची चौकशी न करता त्याच्यावरचं लेबल वाचलं की असं होतं.

नाझी होते म्हणून त्यांनी बंदी घातली, आपण तसे नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण आपल्या रेडिओचा इतिहास बघा.

१९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियम बंद केली. कारण काय? पेटीला मींड काढता येत नाही, बारा पट्ट्यांत श्रुती मावत नाहीत, आणि मुळात ते परदेशी वाद्य. युक्तिवादात दम आहे, गायकांना विचारा. रवींद्रनाथांचाही पेटीला विरोध होता, नेहरूंनाही ती आवडत नसे. पण पेटी काढली तर मराठी माणसाच्या गाण्यातून काय निघून जातं? नाट्यसंगीत. बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, थिरकवांचा तबला, हा आवाजच नाट्यपदाचा आवाज. कीर्तनकाराच्या बाजूला पेटी, भजनी मंडळात पेटी. आपल्या गावच्या सप्ताहात पेटीशिवाय एक रात्र काढून दाखवा. आणि ती पेटी सरकारी रेडिओवर तीस वर्षं परकी. १९७१ च्या सुमारास बंदी सैल झाली, तीही आधी निवडक कलाकारांसाठी.

मग स्वातंत्र्यानंतर आपलेच मराठी गृहस्थ, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, नभोवाणी मंत्री झाले. माणूस विद्वान, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आज जुन्या उस्तादांची जी ध्वनिमुद्रणं ऐकतो त्यातली कितीतरी त्यामुळे आहेत. ते श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण सिनेमाची गाणी हलकी, म्हणून ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? सुई सिलोनवर नेली. त्याच वर्षी तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि सगळा देश बुधवारी रात्री दुसऱ्या देशाचा रेडिओ ऐकू लागला. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, विविध भारती काढावी लागली. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. मला तर तेच जास्त विचार करण्यासारखं वाटतं. चांगलं ऐकवायचं म्हणून दुसरं बंद केलं, आणि ऐकणारा उठून निघून गेला.

याची दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर मी माझ्या बाजूचंच रेटतोय असं वाटेल.

इस्रायलच्या रेडिओवर वाग्नर वाजत नाही. कायदा नाही, संकेत आहे. वाग्नरनं १८५० मध्ये संगीतातल्या ज्यूंविरुद्ध विषारी निबंध लिहिला होता, टोपणनावानं. हिटलरनं त्याला देवघरात बसवलं. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची दुकानं-प्रार्थनाघरं जाळली गेली, तेव्हा तिथल्या वाद्यवृंदानं ठरलेला वाग्नर रद्द केला, तेव्हापासून हे चालू. १९८१ मध्ये त्याच वाद्यवृंदाबरोबर एका कंडक्टरनं कार्यक्रमाच्या शेवटी 'ट्रिस्टान'चा तुकडा घेतला. ज्यांना नको असेल त्यांनी जावं, असं आधी सांगून. तरी गोंधळ झाला. सभागृहातला एक कर्मचारी मंचाकडे धावला आणि सदरा वर करून अंगावरचे व्रण दाखवू लागला. हा कंडक्टर कोण? आपल्या मुंबईचा झुबिन मेहता. कॉफमनबरोबर दर गुरुवारी व्हायोलिन वाजवणाऱ्या मेहलींचा मुलगा.

आणि २०१८ मध्ये इस्रायलच्या सार्वजनिक रेडिओवर वाग्नरच्या 'गोटरडेमरुंग'चा भाग वाजला. लोकांनी तक्रारी केल्या. रेडिओनं माफी मागितली, संपादकाची चूक झाली म्हणून सांगितलं.

मी याच्यावर बरेच दिवस घोळ घातलाय. सभागृहात माणूस तिकीट काढून जातो, उठून जाऊ शकतो. रेडिओ न विचारता स्वयंपाकघरात येतो. ज्या म्हातारीनं ते सूर छावणीच्या काळात ऐकले असतील तिच्या घरात ते अचानक वाजले, तर तिला "बटण बंद कर ना" असं सांगायची माझी हिंमत नाही. ती जखम खरी आहे. त्या देशातल्या लोकांनी तो संकेत पाळायचा की मोडायचा हे त्यांचं त्यांनी ठरवावं. वाग्नर ऐकायला आवडणारे ज्यूही तिथं आहेत आणि त्यांचंही म्हणणं आहे. पण आपल्या ग्रुपवर कुणाला जखम झाली होती? कुणाचंच काही दुखलं नव्हतं. नवं होतं, कळत नव्हतं, एवढंच. मला ऐकायचं नाही हा ज्याचा त्याचा हक्क. तू टाकूच नको, हे वेगळं झालं.

पैशाचंही थोडं बोलतो. त्या जर्मन रेडिओला पैसा कोण देतं? तिथलं प्रत्येक घर. महिन्याला १८ युरोच्या वर वर्गणी, रेडिओ ऐका नाहीतर नका ऐकू. तिथंही त्यावरून भांडणं आहेत, लोक कटकट करतात. पण त्या वर्गणीतून रात्री अडीच-तीन तासांचा ऑपेरा जाहिरातीशिवाय वाजतो आणि कुरवंड्यात बसलेला मी तो फुकट ऐकतो. आपल्याकडेही रेडिओला लायसन्स होतं, पोस्टात वर्षाला पैसे भरायचे, जुन्या लोकांकडे ती पुस्तकं असतील. ऐंशीच्या दशकात ते गेलं, सगळे खूष. तेव्हापासून आकाशवाणी चालते ती मुख्यतः सरकारनं दिलेल्या पैशावर, आणि पैसा जिथून येतो तिकडे बघूनच कार्यक्रम ठरणार, यात नवल काय? पुणे केंद्राचा वृत्तविभाग बंद करायची गोष्ट २०२३ मध्ये निघाली होती तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला आणि निर्णय थांबला. म्हणजे ओरडलं की ऐकू जातं. पण आपण केव्हा ओरडतो? बंद होताना. चालू असताना संगीत नाटक कुठल्या रात्री लागतं हे तरी किती जणांना माहीत असतं?

त्या रात्रीचं सांगून थांबतो. कड्याच्या बाजूला रेंज बरी येते म्हणून मी तिकडच्या एका दगडावर जाऊन बसलो होतो. खाली धुकं. आयएनएस शिवाजीच्या बाजूचे दिवे पुसट. हेडफोन काढून फोन मोठ्यावर लावला, दरीचा प्रसंग आला तेव्हा. कास्पर मोजू लागला. दुसऱ्या की तिसऱ्या आकड्याला मागून बॅटरीचा उजेड आला. आमच्याच वाडीतले एक काका, गुरं बघायला निघालेले. जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "काय रे, कोण मोजतंय?"

म्हटलं, "काका, एक शिकारी आहे. गोळ्या ओततोय. सैतानाच्या."

"किती?"

"सात."

"मग सातवी त्यालाच लागणार," काका म्हणाले आणि बाजूच्या दगडावर बसले. शेवटपर्यंत बसले. संपल्यावर विचारलं, "उद्या परत आहे का?" उद्या नव्हता. पण चाळीसेक वर्षांपूर्वी एका रात्री रेडिओवर 'सौभद्र' लागलं होतं, ते सगळ्या वाडीनं एका खोलीत बसून ऐकलं होतं, हे मग काकांनी सांगितलं. रेडिओ कुणाचा होता, कोण कुठं बसलं होतं, कुणाला मध्येच झोप लागली, सगळं.

कुणाच्या घरी जुना रेडिओ, लायसन्सचं पुस्तक, किंवा कॅसेटवर रेडिओवरून टेप केलेलं नाटक असेल तर कळवा. येऊन बघतो. कॉमेंटमध्ये लिहा. ग्रुपवर लिहू नका, तो अजून बंदच आहे.